संत लोरेन्सोचा पांढरा फेस

माझ्या लेकीचे धर्मपिता, कोंपाद्रे निकानोर यांस एलेउतेरियोचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? साबणाचं दुकान जोरात असेलच. तुमची धर्मकन्या तुमची रोज आठवण काढते. आम्ही सगळे बरे आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

आमचं काम तुम्ही पाहिलंयच: दळलेला दगड पाण्यात कालवायचा, खालून हवा सोडायची, की तांबं बुडबुड्यांना चिकटून वर येतं आणि दगड तळाला जातो. (तुमची टोपी आत पडली होती, तीही तळालाच गेली.) चांगला फेस करडा आणि जड असतो. बावीस वर्षं मी तो बोटांत चोळून ओळखतो. पण संत लोरेन्सोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, टाक्यांवर गुडघाभर पांढराशुभ्र फेस, आणि त्यात तांबं जेमतेम नावाला. फोरमन ओस्वाल्दोने चमत्कार म्हणून छातीवर क्रूस काढला. नव्या इंजिनिअरबाई मारिबेल म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर टाक्या दुसऱ्याकडे आणि तुम्ही फाटकावर.

मी चुना वाढवला, तर उरलंसुरलं तांबंही रुसलं. कमी केला, तर तो पिवळा चमकणारा निकामी दगड वर येऊन बसला. हवा वाढवली, फेस ओस्वाल्दोच्या बुटात. बारीक दळलं तर नुसता चिखल, जाड ठेवलं तर बुडबुड्यांना कण पेलवेनात. एकाची समजूत काढावी तर दुसरा बिघडतो, सासुरवाडी जेवायला आल्यावर माझं होतं तसं. फेस हुंगूनही पाहिला. अगदी घरच्यासारखा वास, तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

काल चहा पिताना बायको, ओतिलिया, सहज बोलून गेली की रविवारी मिरवणुकीआधी बायकांनी नेहमीप्रमाणे कारखान्याच्या अंगणात संतांची पालखी धुतली. (यंदा तुम्ही भेट पाठवलेला साबणाचा अख्खा डबा वापरून.) आणि पाणी नालीत. ती नाली आमच्या टाकीत जाते, कोंपाद्रे, आणि तेच पाणी फिरून फिरून वापरतात. मी कपाळाला हात लावला, तर म्हणते, "मग कुठे ओतायचं होतं, तुझ्या डोक्यावर?"

आता खरं सांगावं तर संतांना अंगणबंदी आणि दोष माझ्या बायकोवर. गप्प बसावं तर उद्यापासून फाटकावर बांबू वर-खाली करायचा. बावीस वर्षांनी बांबू. मला रडू येतं.

तुमचा,
एलेउतेरियो

ता. क. पत्र खरं तर यासाठी: तुमच्या साबणाला अजिबात फेस येत नाही, असं दुकानाच्या शिक्क्यानिशी लिहून द्या. धर्मकन्येची शपथ.

ता. क. (शुक्रवार) पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. दोष स्वतःवर घ्यायचं ठरवून बाईंकडे गेलो, तर ओतिलियाने मंगळवारीच सगळं सांगून टाकलेलं. टाक्या माझ्याकडेच राहिल्या, पालखी पुढच्या वर्षी नालीपासून लांब धुवायची. मग इतके दिवस मला का फिरवलं, विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळतं ते बघत होते, उस्ताद. तुमच्या शर्टाला तोच वास येतो."

शिक्का नको. बिनवासाचा साबण असेल तर पाठवा.