पाठोपाठची लाट

ता. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, पण लॅब गारठलेली असते, चालतंय. आता बातमी. केसाहून हजारो पटींनी पातळ असा चुंबकाचा थर काचेवर चढवून मी त्यावर लेसर मारते. पापणी लवायच्या कितीतरी आधी चुंबकत्व कोसळतं आणि कोसळताना टेराहर्ट्‌झची एक अदृश्य लाट फेकतं. तिच्या पाठोपाठ मला आणखी एक छोटी लाट सापडली आहे! आमच्या लॅबप्रमुख मॅडमना वाटतं, चुंबकत्व पुन्हा उसळी मारत असावं. तसं असेल तर पेपर छापून येईल, नोकरी तीन वर्षं वाढेल. नाहीतर जूनमध्ये गाशा गुंडाळायचा.

लोभात काटकसर नको.
तुझी गोगलगाय

ता. १२ मार्च

चि. गोगलगाईस,
अनेक आशीर्वाद.

चुंबकाचं काही कळलं नाही, नोकरीचं कळलं. मग पेपर अडलाय कुठे? तू बुटाची नाडी बांधेपर्यंत शाळेत प्रार्थना संपायची आणि सिस्टर तुला सोडून, पोचवायला आलेल्या मलाच रागवायच्या. त्या मुलीने जगातली सगळ्यात घाईची गोष्ट मोजायला घ्यावी! आता रेंगाळू नकोस बाई. काका म्हणतात, चुंबकावर पोट भरत असेल तर आमच्या फ्रीजवरचेही घेऊन जा.

माया आहेच, तिला पत्रांचं खतपाणी घाल.
तुझी मावशी

ता. २२ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

रेंगाळले, आणि घोटाळा झाला. तोच थर जाड काचेवर चढवला. छोटी लाट आली, पण आणखी उशिरा. म्हणजे चुंबकत्व उसळतबिसळत नाही. पहिलीच लाट काचेच्या आत आपटून परत येते, विहिरीत मारलेल्या हाकेसारखी. हे मला एकटीलाच ठाऊक होतं. गप्प बसले असते तर पेपर गेला असता, नोकरी राहिली असती. दोन दिवस डबा तसाच परत आणला. शेवटी आज मॅडमना सांगितलं. मग त्यांनी स्वतः सगळं पुन्हा मोजलं आणि फळ्यावरचं पेपरचं नाव पुसलं. तीन वर्षांचं होणे नाही म्हणाल्या. एका वर्षासाठी भांडून बघते म्हणाल्या. मला रडू येत होतं आणि सपाटून भूकही लागली होती.

रागावली नसशील तर लिही, रागावली असशील तर लवकर लिही.
तुझी गोगलगाय

ता. १ एप्रिल

चि. गोगलगाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा शोध मी इथे केव्हाच जाहीर करून बसले होते: औषधवाल्याला, वाचनालयातल्या बाईंना, वरच्या मजल्यावरच्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना. काका म्हणाले, आता गप्प राहा, लोक विसरतील. मी कसली ऐकतेय! आज एकेकाला गाठून सांगून आले, की शोध लागलेला नाही, आणि तो लागलेला नाही हे आमच्याच मुलीने शोधून काढलं. आजोबांना ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे अख्ख्या जिन्याला कळलं. बरंच झालं.

मॅडमचं भांडण जिंकलं तर कळव. हरलं तर कळवत बसू नकोस, सरळ घरी ये.
तुझी मावशी