बोलण्यात आठ

प्रिय पोरी,

एकाच घरात राहून सासूने सुनेला पत्र लिहिलं, हे पाहून आधी तुला वाटेल, काहीतरी झालं. घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गॅस बंद आहे, गुडघ्यांचे व्यायामही सकाळीच उरकले. समोर बसून बोलायला गेले तर तू विषय बदलतेस, म्हणून आज दुपारी शिलाई मशीनवर झाकण घालून लिहायला बसले आहे. एका शाळेचे नऊ गणवेश काजं-बटणांसाठी खोळंबलेत, त्यावरून हे काम किती महत्त्वाचं आहे ते समज.

तू परीक्षेचा फॉर्म भरलास तेव्हा मी किती खवचट बोलले होते, आठवतं? कॉलेज सगळं इंग्रजीत झालं, सात वर्षं हॉस्पिटलात लोकांचे खांदे-गुडघे चालते करतेस, आता इंग्रजीची परीक्षा कसली? तू शांतपणे सांगितलंस, की परदेशातल्या हॉस्पिटलला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत नऊपैकी निदान सात गुण लागतात, आणि सराव परीक्षेत बोलण्यात साडेपाचच पडलेत. त्या साडेपाचाचं मला नवल वाटलं नाही. माझा लेक गेल्यापासून तू मराठीत तरी कुठे बोलत होतीस? पेशंटला "पाय उचला, धरा, सोडा", आणि मला "आई, जेवलात का". चार वर्षं आपण दोघींनी एकमेकींना जपत, एकमेकींसमोर गप्प बसून काढली.

मग तू मला परीक्षक केलंस. कार्डावर प्रश्न इंग्रजीतला, अक्षरं आपली. मी वाचायचं, तू एक मिनिट विचार करून दोन मिनिटं बोलायचं. पहिल्या दिवशी मी चष्मा लावून, ताठ बसून "डिस्क्राइब अ पार्क" म्हणाले आणि तुला हसू आवरेना. मला वाटलं, चुकीचं काही वाचलं की काय. तू चाळीस सेकंदांत थांबलीस. दुसऱ्या दिवशी उत्तर पाठ करून आलीस, तेव्हा शब्द न कळताही मी तुला पकडलं. पाठ केलेलं उत्तर तयार शर्टासारखं असतं, पोरी. बटणं लागतात, पण खांद्यावर बसत नाही. त्या दिवसापासून पाठांतर बंद केलं. रोज एक नवीन कार्ड, मोबाइलवर आवाज टिपायचा, परत ऐकायचा, आणि झालेली चूक वहीत उतरवायची. महिन्याभराने वही उघडली तर चुका शंभर नव्हत्याच, त्याच चार-पाच पुन्हा पुन्हा. तुझा चेहरा तेव्हा असा खुलला, जणू दुखतंय कुठे ते नेमकं सापडलं.

ऐकण्याचा सराव मी मशीन चालू ठेवून करवला. तू कुरकुरलीस. मी म्हटलं, परीक्षेच्या खोलीत शेजारचा खोकला तर काय करशील? निबंधाला चाळीस मिनिटं, आणि तुझी तीस पहिल्या दोन परिच्छेदांतच जायची, म्हणून विसाव्या मिनिटाला मी कात्री टेबलावर आपटायची. समोरच्या दारातले निवृत्त ड्रायव्हरकाका एकदा विचारायला आले, की भांडण चाललंय का. मी म्हटलं, नाही, शिक्षण.

या सगळ्यात माझं काय झालं, ते तुला पूर्ण ठाऊक नाही. मापाच्या पट्टीवरचे आकडे आणि कापडावरच्या चिठ्ठ्या, एवढंच माझं इंग्रजी होतं. पण नुसतं पोपटासारखं विचारायला मला लाज वाटू लागली, म्हणून मी कार्डाखाली इंग्रजी अक्षरंही लिहायला लावली. तू कामावर गेलीस की ती जुळवत बसायचे. अडलं की तुझा शब्दकोश. तुला "ऑल्दो", म्हणजे "जरी", शिकताना ऐकून मी दिवसभर "ऑल्दो दूध उतू गेलं" करत फिरायचे.

आणि ते कार्ड. तुम्हाला खूप हसवणाऱ्या माणसाचं वर्णन करा. मी वाचलं, आणि वाचून झाल्यावर वाटलं, हे बाजूला ठेवायला हवं होतं. पण तू बोलू लागलीस. माझा लेक तुला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हाची त्याची पँट, मी घाईत शिवलेली, एक पाय आखूड, आणि तो सबंध वेळ दुसरा पाय दुमडून बसला होता. "वन लेग" ऐकताच मला सगळं कळलं. दोन मिनिटं झाली, मी थांबवलं नाही. तू चांगली सात मिनिटं बोललीस. चार वर्षांनी आपण त्याच्या नावाने हसलो, डोळे पुसत हसलो, आणि त्या रात्री जेवताना मराठीतही त्याच्याच गोष्टी निघाल्या.

म्हणून गेल्या शुक्रवारी तू निकाल सांगितलास, "आई, बोलण्यात अर्धा गुण कमी पडला, जाऊ दे", आणि लगेच भाजी निवडायला बसलीस, तेव्हा मला खरं तर तुझ्या कोरड्या चेहऱ्यापेक्षा त्या अर्ध्या गुणाचंच नवल वाटलं. परवा विजेचं बिल शोधताना तुझ्या फाइलमध्ये निकालाचा कागद हाती आला. सहा महिन्यांपूर्वी तो माझ्यासाठी नुसता कागद असता. ऐकण्यात आठ, वाचण्यात साडेसात, लिहिण्यात सात. बोलण्यात आठ. त्याखाली त्या हॉस्पिटलचं पत्र होतं. ते वाचायला मला दीड तास लागला. नोकरी पक्की आहे, वीस तारखेच्या आत होकार कळवा, असं त्यात आहे. मी आधी संतापले, मग तिथेच जमिनीवर बसून एकटीच हसत सुटले. मीच शिकवणीला बसले, आणि मला इंग्रजी कळणार नाही असं समजून तू तो कागद घरच्याच फाइलमध्ये ठेवलास.

तू का लपवलंस, ते मला वेगळं सांगायला नको. मला एकटीला सोडवत नाही तुला. तर ऐक. माझी धाकटी बहीण पुढच्या महिन्यात इथे राहायला येते आहे. तिला मीच विचारलं, आणि तिचं हो आलंय. मी तुझ्या गळ्यातलं लोढणं नाही, पोरी, आणि मला ते व्हायचंही नाही. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. सोबत दुसरा कागद आहे. हॉस्पिटलला द्यायचं उत्तर मी माझ्या हाताने इंग्रजीत लिहिलंय, आयुष्यातलं पहिलं. तीन ओळी आहेत, चुका असतील. त्या काढ, स्पेलिंग सुधार, तुझ्या नावाने आजच पाठव. फक्त पहिला शब्द "येस" आहे, तो बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस.

तुझीच,
आई