‘जाळ’ हे नाव कोणी द्यायचं

मी, एलेउतेरिओ मान्सेबो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ला फे वस्ती, सान पेद्रो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळची कॉफी घेऊन हे लिहून ठेवीत आहे.

१. राहतं घर, कोंबड्या व डोलखुर्ची पत्नी मिनर्वा हिची. खुर्चीत तिच्या भावाने, राधामेसने, बसू नये. बसला की उठत नाही.

२. माझा झेलण्याचा हातमोजा मुलगी युदेल्का हिला. माझे गुडघे गेल्यापासून वस्तीतल्या पिचरांचे चेंडू तीच झेलते. मोज्याबरोबर नावं देण्याचा हक्कही तिचा. आमच्या बेसबॉलमध्ये वेगवान पिचरला नाव प्रेक्षक देत नाहीत. झेलणारा मोजा काढून तळहात दाखवतो आणि नाव देतो. चेंडू दिसलाच नाही तर ‘धूर’. हाताला जड लागला तर ‘दगड’. दोन्ही असून तळहात पेटला तर ‘जाळ’. जाळ आजवर एकच झाला, माझा धाकटा भाऊ निनो. तो गेला. त्याची आठवण अजून रोज येते.

३. राधामेस मैदानावरच्या लाउडस्पीकरवरून येईल त्याला ‘जाळ’ म्हणतो. आणि गेल्या रविवारी त्याच्याच मुलाचे, वांडीचे, चेंडू झेलून युदेल्काने मोजा काढला, तळहात वर केला आणि म्हणाली, “जाळ!” तर हाच गडी पोराला घेऊन माझ्याकडे आला.

“दाजी, भाची म्हणून लाड करीन, पण पोरीनं दिलेलं नाव माझ्या पोराला नको. लोक हसतील. तुम्ही द्या.”

“मी झेललाय का चेंडू?”

“मग यंत्रावर वेग बघू.”

“यंत्राचा हात भाजतो होय रे?”

वांडी मान खाली घालून निघून गेला. बाप मानत नाही तोवर ते नाव लावणार नाही म्हणतो. घरी मी युदेल्काचा हात पाहिला. निनोचा चेंडू बसायचा तिथेच, तर्जनीखाली, सूज होती. मला रडू आलं.

४. म्हणून तिने दिलेलं नाव कायम. मी ते देणार नाही, बदलणारही नाही. दुसरा साक्षीदार म्हणून राधामेसला बोलावलं आहे. त्याने हे सगळं वाचावं, खुर्चीचंसुद्धा. पटलं तर सही करावी. न पटल्यास कोपऱ्यावरच्या न्हाव्याला हाक मारावी. माझा राग नाही.

ला फे, ९ मार्च.
एलेउतेरिओ मान्सेबो

आमच्यासमक्ष सही केली:
१. सिरीलो पेन्या, ‘धूर’
२. राधामेस रेयनोसो, ‘जाळ’चा बाप