बंदूक मिटतानाचा आवाज

२० ऑगस्ट २००४, आळेफाटा
बंदूक मला खरी केवढ्याला पडली ते आज मांडून बघितलं. ती आधी ज्यांची होती त्या बापूसाहेबांच्या घरच्या ट्रॅक्टरची, पंपाची तीन वर्षं फुकट दुरुस्ती. लायसनसाठी पुण्याला अकरा हेलपाटे, त्यात एकदा पाकीट मारलं गेलं. सौ.चा महिनाभर अबोला. लहानपणी बापूसाहेबांच्या शिकारीत हाकारा घालताना बाभळीनं पोटरी फाटली, ती वेगळीच. रोख दिले ते यात धरलेच नाहीत.
जुनी विलायती. दोन नळ्या शेजारीशेजारी नाहीत, एकीवर एक. लोकसभेनंतर, जूनमध्ये हातात आली. अजून एक बार काढलेला नाही आणि आता विकायला काढली. वर्कशॉपला लेथ पाहिजे.

२३ ऑगस्ट
पुण्याच्या कर्नलसाहेबांचा फोन. रिटायर्ड, जुन्या बंदुका जमवतात. म्हणाले, अशी आता बघायलाही मिळत नाही. अट एकच, आतला एकही भाग बदललेला नको. मी म्हणालो, "साहेब, डोळं बांधा माझं. नुसती उघडून मिटा. हीच का दुसरी ते आवाजावरनं सांगतो." फाट्यावर मला उगाच कानवाले शेठ म्हणत नाहीत. तीस वर्षं डिझेल इंजिनं कानावर पास करतोय. ही फुशारकी नाही. (थोडी आहे.)
तो आवाज लहानपणापासूनचा. बापूसाहेब टेकाडावर उभे राहून काडतुसं भरून हीच बंदूक मिटायचे. टक्. एकच, कोरडा. की आम्ही डबे वाजवत झाडीत. जूनमध्ये हातात आली तेव्हाही मिटून ऐकला, तोच.

२८ ऑगस्ट
विधानसभेची आचारसंहिता. सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. हवालदार मारुतराव, पारगावचे, डिसेंबरअखेर रिटायर होतायत. बाकीच्यांच्या ठासणीच्या, एकाचा दस्ता सुतळीनं बांधलेला. त्यात माझी म्हणजे वरातीत नवरी. मारुतराव म्हणाले, "पावणं, निर्धास्त ऱ्हावा. हिला लेकीवानी सांभाळू." पोच दिली. अक्षर मोत्यासारखं.

१९ ऑक्टोबर
निकाल लागले. बंदूक आणली. उघडली, मिटली. ठप.
परत. ठप.
नंबर लायसनशी जुळतो. दस्त्यावरचा ओरखडा जागच्या जागी. मग हे काय?
सौ.ला ऐकवली. "मला त्यातलं काय कळतंय? तो टीव्ही बारीक करा आधी, पार रस्त्याला ऐकू जातोय."

२१ ऑक्टोबर
तेल दिलं. ठपच. मिटल्यावर नळ्या धरून ठेवणारं आतलं कुलूप कुणी काढून दुसरं बसवलं असेल? नंबर नळीवर, आत कोण बघतंय. पण असलं बारीक काम येणारा तालुक्यात माणूस एकच. मी.
मारुतरावांकडे गेलो. चहा झाला. हसत हसत विषय काढला. ते हसले नाहीत.
"कपाटाची किल्ली दोन महिने माझ्या करगोट्याला व्हती भाऊ. न्हाई म्हंजे न्हाई."
कप ठेवताना: "अर्ज द्यायचा तर द्या. पण चौकशी लागली की पेन्शन अडकती, येवढं ध्यानात ठेवा."

२५ ऑक्टोबर
तक्रारीचा अर्ज लिहिला. फाडला. परत लिहिला.
कर्नलना शब्द दिलाय, काही बदललेलं नाही. गप्प बसून विकली तर मी लबाड. अर्ज दिला तर मारुतराव लबाड. दोघंही लबाड नसू तर आवाज कुठं गेला?
झोप नाही.

२९ ऑक्टोबर
अर्ज दिला. टेबलावर मारुतरावच होते. पूर्ण वाचला, शिक्का मारला, पोच दिली. अक्षर तसंच, मोत्यासारखं.

२ नोव्हेंबर
कर्नल आले. भिंग लावून दोन तास बघितली. चहा गार झाला. म्हणाले, स्क्रूच्या खाचा बघा, बनवल्या दिवसापासून यांना कुणी स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. एकेक भाग मूळचा.
मग बंदूक मिटली आणि डोळे मिटून घेतले. "वा. काय टक् वाजते हो."
मला ठप.
परत मिटायला लावली. ठप. सौ. दारात उभी, तिनंही मान डोलावली. वाजतंय म्हणे, टक्.
अर्जाचं सांगावं लागलं. कर्नल खुर्चीवरून उठले. भिंग खिशात ठेवलं. अर्ज निकाली निघेपर्यंत बंदुकीला हात लावणार नाहीत. जाताना एवढंच, "त्या हवालदाराचं बघा आधी."

४ नोव्हेंबर
अर्ज मागे घ्यायला ठाण्यात. साहेब म्हणाले, तो वर गेला. मागे घेतल्याचा अर्ज द्या, तोही वर पाठवू. दिला.
मारुतराव रजेवर. तिथून पारगावला गेलो. उसाच्या बैलगाड्यांच्या मागं अर्धा तास. त्यांच्या मुलीनं पाणी दिलं, बाबा शेतावर गेलेत म्हणाली. चपला दारातच होत्या. पाणी प्यालो, निघालो.

६ नोव्हेंबर
सौ.नं ओढून नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डबीसारखं यंत्र कानाला लावून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बोट वर करायचं. माझं बोट बराच वेळ खालीच. डॉक्टर म्हणाले, इंजिनापाशी काम करणाऱ्यांचं हेच होतं, बारीक आवाज आधी जातात. कमीत कमी दहा वर्षं झाली असतील.
दहा वर्षं. मग जूनमध्ये मी ऐकला तो टक् कुठला? बंदुकीचा, का टेकाडावरचा?
आणि या दहा वर्षांत कानावर पास केलेली इंजिनं?
वरून अजून काही आलेलं नाही. मारुतरावांना चिठ्ठी लिहायला घेतली. "राव, चूक माझ्या" इथपर्यंत झाली.
वडिलांचं चावीचं घड्याळ कपाटातून काढलं, चावी दिली, डाव्या कानाला लावलं. सेकंदाचा काटा पळत होता. आवाज नाही. उजव्याला लावलं.
तिथंही नाही.