फ्लायव्हील धरेल त्यानं बोलावं

उद्यमनगर, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९७८

प्रिय मित्र यज्ञेश्वर मास्तर यांस लालासाबचा प्रेमाचा सलाम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? कालिंदीवहिनींचा खोकला गेला का? (ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरायला सांगा, तेवढीच तुम्हालाही शांतता.) ताईचं बाळंतपण कुरुंदवाडलाच की सासरी? म्हैस अजून लाथा झाडते का? इकडे मी बरा, खतिजा माझ्याहून बरी. नाजूक तब्येत आहे ती फौंड्रीची.

आमच्याकडे मोल्डर साचे करून लोखंडाचा रस ओततात आणि पलीकडच्या शेडमध्ये टर्नर ती कास्टिंगं लेथवर घासून गुळगुळीत करतात. हल्ली फ्लायव्हीलना, म्हणजे इंजिनाच्या जड चाकांना, भोकं पडू लागली. टर्नर कृष्णात म्हणतो साचा वाईट, मोल्डर आकाराम म्हणतो लेथवाल्याचा हात वाईट. दोघं एकाच तालमीतले, पण बोलणं बंद. (मी फोरमन कसला, दोघांमधला टपालवाला.) शेवटी मालक वसंतराव कडाडले, भोकं थांबली नाहीत तर ओतकाम बाहेर देतो. म्हणजे सगळे मोल्डर घरी.

त्यांनीच मला सांगलीला फोरमन लोकांच्या शिबिराला धाडलं. तिथल्या तरुण मास्तरांनी आम्हाला गोल बसवलं. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. एक वस्तू हातोहात फिरवायची, जो धरेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि पुढाऱ्यानं एक प्रश्न विचारून तोंड मिटायचं! मला मोठं नवल वाटलं. जन्मभर मी ओरडून कामं केली. गप्प बसूनही काम होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. कधी एकदा करून बघतो असं झालं.

शिबिरात खडू फिरवला होता. पण खडू धरून आमची माणसं दिवस मावळेपर्यंत बोलतील. म्हणून परत आल्यावर दोन्ही शेडच्या माणसांना गोल बसवून मी भोकं पडलेलं फ्लायव्हीलच पुढे ठेवलं. हात भरून आले की भाषण आपोआप आटपेल. आणि विचारलं, हे असं का होतं? इथं माझी अक्कल गहाण पडली. कोल्हापुरात तालमीतल्या गड्याच्या हाती जड वस्तू दिली तर तो बोलतो कुठला, उचलून दाखवतो! आकारामनं छातीपर्यंत नेलं. कृष्णातनं डोक्यावर धरलं. वाळू चाळणारी धोंडुबाई ओरडली, "पायावर पाडून घेशील की रं मुडद्या!" पैजा लागल्या. (मी गप्प. नियमच तसा. जीभ दाताखाली धरली होती.)

मग आकारामनं ते हिसकायला हात घातला, कृष्णात सोडेना. दोघांच्याही हातात चाक, म्हणजे पाळी दोघांचीही.

"सोड की!"

"तू सोड. भोकं पाडतोस आन् वर ऐट!"

"कुठं हाय भोक?"

"ह्ये बघ. दर येळंला ह्याच अंगाला."

"ह्याच अंगाला? मग आदी का न्हाय सांगितलंस?"

"इचारलंस कवा?"

ते अंग साच्यात वरच्या बाजूला येतं, तिथं वाफेला वाट मिळत नसणार, असं आकाराम स्वतःशीच पुटपुटला. दोघांनी चाक जपून खाली ठेवलं आणि साच्यापाशी जाऊन उकिडवे बसले. सांगायला माझ्याकडेही पुष्कळ होतं, पण कुणी चाक माझ्या हाती दिलंच नाही. वाफेला नवी वाट पाडली, रस ओतताना कृष्णात शेजारी उभा राहिला, आणि कास्टिंगं नितळ निघाली. मास्तर, हाच प्रश्न मी महिनाभर बोंबलून विचारत होतो. तेव्हा उत्तर का निघालं नाही? तुमच्या पुस्तकांत काही आहे का यावर?

तुमचा,
लालासाब

ता.क. खरं काम राहिलंच. मालकांनी अजून निर्णय दिलेला नाही. म्हणतात, पुढच्या शुक्रवारी मी स्वतः गोलात बसतो, सगळ्यांचं ऐकतो, मग ठरवतो. ऐकतो! वसंतराव बोलू लागले की भट्टी विझते, पण ते थांबत नाहीत. मोल्डर बिचारे तोंड उघडणार नाहीत आणि ओतकाम जाईल. मालकाला गप्प बसा म्हणायची छाती कुणाची? पाचवीत तुम्ही त्यांना बडबडीपायी बाकावर उभं केलं होतं. अजून तुमचं नाव निघालं की ते खुर्चीत ताठ होतात. तेव्हा त्या शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं याच. बोलायचं काही नाही, नुसतं त्यांच्या समोर बसायचं.

आणखी एक ता.क. पत्र खतिजाला वाचून दाखवलं. म्हणाली, गप्प बसायला शिकलेल्या माणसानं एवढी पानं भरली होय? तर तुम्ही तरी थोडक्यात लिहा. "येतो" एवढंच पुरे, पण लगेच लिहा.