न सुचलेलं आसन

बुधवार, संध्याकाळ. कुसगाव.

नव्या चटईचा डावा कोपरा जमिनीला टेकत नाही, याचा मी येथे तीव्र निषेध नोंदवतो. वर्गात डोळे मिटून बसायचं आणि आतून सुचेल तेच आसन शिकवायचं, ही माझी पद्धत. आज बाहेर धुकं, आतही धुकंच. काहीच सुचलं नाही. तासभर मी गप्प, सगळे गप्प. हवेनं तेवढा कोपरा हलत होता. उठताना किराणावाल्या सकिनामावशी म्हणाल्या, "सर, आज लय ग्वाड शिकवलंत. एक शब्द न्हाई!" मी गंभीरपणे मान डोलावली. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "ध्यानाला बसलं ध्यान!"

हसलो खरा. पण गेले कित्येक दिवस आतून काही येतच नाहीये. कायमचंच थांबलं असेल का? भीती वाटते.