आरक्षण क्रमांक एकोणीस

१० जानेवारी १९८०

नकाशा लागला. शहराच्या विकास आराखड्याचा! कचेरीच्या व्हरांड्यात खिळे मीच ठोकले. पिवळा रंग घरांचा, निळा दुकानांचा, हिरवा मैदानांचा. नदीकडच्या अंगाला आमची बौद्धवाडी शोधली, तर तिथे नुसता चौकोन. आत लिहिलंय — आरक्षण क्र. १९, ट्रक तळ.

एक्केचाळीस घरं आहेत तिथे. त्यातल्याच एकातून मी सकाळी भाकरी खाऊन निघालो होतो. शेजारी सध्याच्या वापराचा नकाशा टांगलाय, त्यात तरी असतील म्हणून पाहिलं. ‘मोकळी जमीन, पडके गोठे’ असा शेरा.

हेडक्लार्क म्हणाले, कायद्याने साठ दिवस मिळतात, लोकांना सांगा हरकत घ्यायला. ‘लोकांना’ म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली.

११ जानेवारी

जानूबाबांना सांगितलं. गोदीतून निवृत्त होऊन आल्यापासून वाडीचं सगळं तेच बघतात. आधी हसले. एवढी घरं दिसत नसतील तर सरकारला चष्मा लावून द्या म्हणाले. मग मी आरक्षण म्हणजे काय ते समजावलं — नवं बांधता येणार नाही, वाढवता येणार नाही, आणि जागा घ्यायची ठरली की उठायचं. हसायचे थांबले.

आई चुलीपाशी ऐकत होती. भाकरी थापत राहिली.

२ फेब्रुवारी

हरकतीचा अर्ज मीच लिहिला. नगररचना कायदा १९६६, कलम २६ वगैरे सगळं व्यवस्थित. कचेरीतला माणूस म्हणून माझी सही नको असं हेडक्लार्कचं म्हणणं. पहिला अंगठा आईचा. मग तो अर्ज घेऊन जानूबाबा कचेरीत आले, आणि आवकच्या टेबलावर कोण? मीच! लिहिणारा मी, घेणारा मी, पोच देणाराही मी. शिक्का मारला, तारीख घातली.

३ फेब्रुवारी

लिहून टाकतो. इथे नाही तर कुठे लिहिणार?

अठ्ठ्याहत्तरचा मे महिना. बाहेरून मोजणीवाले आले होते आणि टेप धरायला कचेरीने मला दिलं होतं. वाडीत शाकारणी चाललेली. एकमेकांना हात लावत आठवड्याभरात अख्खी वाडी शाकारायची आमची रीत, त्यामुळे बहुतेक घरांवरचं जुनं गवत उतरलेलं. नुसत्या भिंती आणि वासे.

साहेब भला होता. दोन दिवस मला आपल्या थर्मासमधला चहा आपल्याच कपातून देत होता. मी कुठला, हे त्याने विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आमच्याच घराच्या मागच्या भिंतीशी उभं राहून त्याने विचारलं, हे काय आहे?

मी म्हणालो, “गोठे आहेत साहेब. पडके.”

त्याने तसं लिहून घेतलं. मग चहा दिला. मी प्यायलो.

दर वीस मार्चला, पाण्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, तळ्यावर जाऊन घसा बसेपर्यंत घोषणा देणारा मी! मोजणीच तर आहे, त्याने काय होतंय, असं तेव्हा वाटलं होतं. स्वतःची लाज वाटते. फार वाटते.

१० मार्च

मुदत संपली. एकूण हरकती त्रेसष्ट. आमची एक.

१५ एप्रिल

सुनावणी झाली. आमची पाळी जेवणानंतर. जानूबाबा कोट घालून आले होते, हातात घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी. समितीच्या अध्यक्षांनी पावत्या नीट पाहिल्या. पावतीवरून घर आहे एवढं कळतं, नकाशात कुठे आहे ते कळत नाही, म्हणाले. जानूबाबा म्हणाले, मग येऊन बघा ना सायेब, चालत दहा मिनिटं बी नाय. अध्यक्षांनी मान्य केलं. मे महिन्यात पाहणी.

मी टिपण घ्यायला बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं — तो शेरा माझ्या सांगण्यावरून पडला. एक वाक्य! पेन हातात धरून बसून राहिलो. नोकरीत अजून कायम झालेलो नाही.

वाडीत मात्र आनंद. साहेब येणार, डोळ्यांनी बघणार, मिटलं सगळं.

१९ मे

वाडीत लग्नघर झालंय. साहेब यायच्या आत शाकारणी पुरी करायची असं जानूबाबांनी ठरवलं. पोलादपूरकडून चांगलं गवत आणलं. भिंतींना नवी माती, वर चुना. आईनेही उंबरा सारवला, वय विसरून शिडीवर चढली. कुणाला कमीपणा यायला नको, वाडी कशी झाडूनपुसून दिसली पाहिजे. मीही पेंढ्या वर दिल्या. काम करताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२४ मे

आले. अध्यक्ष, दोन सभासद, मागे मी फायली घेऊन.

एका सभासदाने वळचणीला हात लावला. मग भिंतीला. बोटाला चुना लागला तो दाखवत अध्यक्षांना म्हणाला, “सगळं यंदाचंच आहे हे.”

जानूबाबा सांगत होते, दर साली करतो सायेब, गवत सालभरच टिकतं. पण एक्केचाळीस घरं एका रंगात उभी! नकाशा लागल्यावर घाईने उठवलेली वाटावीत, अशीच दिसत होती. आधीच का नाही सुचलं मला? सुचलं असतं तरी काय केलं असतं!

अध्यक्ष माझ्याकडे वळले. तुम्ही मोजणीला होता ना? अठ्ठ्याहत्तर साली इथे काय होतं?

जानूबाबांचा चेहरा खुलला. आता आपला माणूस बोलणार.

मी म्हणालो, “नोंद आहे तेच, साहेब.”

आई दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. साहेबांनी पाणी नको म्हटलं.

२५ मे

जानूबाबा मला बघून वाट बदलतात.

९ जून

निकाल. बांधकामे भूवापर नकाशानंतरची, सबब अनधिकृत. हरकत फेटाळली, आराखडा मंजुरीला मुंबईला जाणार. वर कुठे दाद मागायची ते जानूबाबांनी दुसऱ्या कुणाकडून तरी विचारून घेतलंय म्हणे. मला विचारलं नाही.

एक्केचाळीस नोटिसा मला कार्बन घालून लिहाव्या लागल्या. तेवीस नंबरची आईच्या, सोनाबाईंच्या नावाची, म्हणजे आमची. ती मीच घरी आणून दिली. आईने अंगठा उठवला, नोटीस घडी करून डब्यात ठेवली आणि मला वाढलं.

११ जून

आज राहवलं नाही. आईसमोर बसलो, म्हटलं, तुला एक सांगायचंय, मोजणीच्या दिवसाचं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

“भिंतीच्या आतच होते मी तेव्हा. वर छप्पर नव्हतं रे, सगळं ऐकू आलं.”

मग सूप बाजूला ठेवलं.

“कोणाला सांगू नको, श्रीपत. दोन वर्सं झाली, मी बी नाय सांगितलं.”